तीन पायऱ्यांचा हिशेब

मराठी भाषेने ‘पायरी’ या एका शब्दावर बराच संसार मांडला आहे. मोठ्या माणसांशी बोलताना आपली पायरी ओळखून वागावे लागते आणि कुणी ती सोडली तर चारचौघांत त्याला ती दाखवून दिली जाते. देवळात फार गर्दी असली की पायरीचे दर्शन घेऊन परतता येते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा सल्ला तर पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. पायरी चढायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण ज्याला ती चढताच येत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न भाषेला पडलेला नाही आणि आपल्याकडे इमारती बांधणाऱ्यांनाही तो फारसा पडलेला दिसत नाही.

आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या रोजच्या इमारती जरा डोळ्यांपुढे आणा. टपाल कचेरी, बँक, तलाठ्याचे कार्यालय, दुय्यम निबंधकाची कचेरी, नगरपालिकेचा दवाखाना, शाळा, वाचनालय, नाट्यगृह, औषधाचे दुकान. यांतली एकही वास्तू राजवाडा किंवा किल्ला नाही. तरी बहुतेकींच्या दाराशी दोन, तीन, कधी चार पायऱ्या असतात. त्याचे कारण सरळ आहे. चार महिने कोसळणारे पाणी आत येऊ नये म्हणून जोते उंच घ्यायचे, हे आपल्या गवंड्यांचे पिढीजात शहाणपण. ते चुकीचेही नाही. पुढे त्यात थोडी ऐट मिसळली. रस्त्यापेक्षा वर असलेले दार भारदस्त दिसते, म्हणून जिथे एका पायरीने भागले असते तिथे तीन झाल्या. धडधाकट माणूस या तीन पायऱ्या मोजतही नाही. चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी मात्र ती इमारत तिथेच संपते.

अशी माणसे किती? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. लोकसंख्येच्या हे २.२१ टक्के होतात. त्यांपैकी ५४ लाखांहून अधिक लोकांचे अपंगत्व चालण्या-हालण्याचे होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा २९ लाख ६३ हजारांच्या घरात होता. त्यानंतरची जनगणना लांबल्याने आजही याच जुन्या आकड्यांवर भागवावे लागते. शिवाय त्या वेळी कायद्याच्या यादीत अपंगत्वाचे जे प्रकार होते, त्यांची संख्या २०१६ च्या कायद्याने सातावरून एकवीसवर नेली. म्हणजे खरा आकडा याहून मोठाच असणार.

आणि या आकड्यात सगळे येतही नाहीत. गुडघे कुरकुरू लागलेले आजोबा, पक्षाघातातून सावरत असलेल्या काकू, मांडीचे हाड मोडून तीन महिने प्लास्टरमध्ये असलेला तरुण, बाबागाडी ढकलणारी आई, यांची नोंद जनगणनेत ‘अपंग’ म्हणून होत नाही. त्याच जनगणनेत साठीच्या पुढचे लोक १० कोटी ३८ लाख होते. आयुर्मान वाढत असल्याने आज ते आणखी जास्त असणार. बँकेत उभा जन्म घालवलेल्या माणसाच्या भाषेत सांगायचे, तर चालते पाय ही जन्मभराची ठेव नव्हे. ती मुदत ठेव आहे आणि तिची मुदत कधी संपणार हे पावतीवर लिहिलेले नसते. तेव्हा हा प्रश्न ‘त्यांचा’ आहे असे समजून पान उलटण्यात अर्थ नाही.

कायद्याने या बाबतीत काही केलेले नाही, असे कुणी म्हणू नये. उलट, कायदे पुरेसे आहेत. अपंग व्यक्तींना समान संधी देणारा पहिला मोठा कायदा संसदेने १९९५ मध्ये केला आणि तो फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यासाठी जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दिल्लीत रस्त्यावर येऊन जोर लावला होता. अबिदी स्वतः चाकाच्या खुर्चीवरून वावरत. त्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना उतरण हवी, स्वच्छतागृहे चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांना सोयीची हवीत, हे सगळे होते. फक्त त्याला एक शेपूट जोडलेले होते. सरकारने हे सारे आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचे होते. सरकारी खात्यांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या शेपटाचा अर्थ समजावून सांगायला नको. ज्या कामाला ‘कुवतीप्रमाणे’ असा शेरा बसतो, त्याच्यासाठी कुवत कधीच येत नाही.

पुढे २००७ मध्ये भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला मान्यता दिली. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू केले. २०१६ मध्ये नवा कायदा झाला आणि एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. आर्थिक कुवतीची पळवाट त्यात राहिली नाही. जुन्या सार्वजनिक इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या, सेवा देणाऱ्या सरकारी आणि खासगी आस्थापनांनी दोन वर्षांत आपापल्या सेवा सुगम करायच्या, असे कलमात स्पष्ट लिहिले गेले. नव्या इमारतीचा आराखडा नियमांत बसत नसेल तर बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि बांधून झाल्यावर नियम पाळलेले नसतील तर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, हेही त्यात आहे. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि त्यानंतर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. नियम जून २०१७ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली.

ती संपल्यानंतर वर्षभराने, २०२३ च्या ऑक्टोबरात, मुंबईत काय झाले ते वर्तमानपत्रांत आले होते. खार येथील विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होते. नोंदणीसाठी आलेली वधू चाकाची खुर्ची वापरणारी. लिफ्टची सोय नाही. अधिकाऱ्यांनी खाली येऊन सही घ्यावी ही विनंती मान्य झाली नाही आणि वधूला उचलून दोन मजले वर न्यावे लागले. तिने हे जाहीरपणे सांगितल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ती त्यांनी केली हे चांगलेच झाले. पण लग्नाच्या दिवशी उचलून नेताना जिन्यात आपला तोल जाईल की काय, या भीतीने जीव मुठीत धरून बसलेल्या मुलीचा तो दिवस तिला परत मिळत नाही. विवाहाची नोंदणी ही काही मेहेरबानी नव्हे. ते नागरिकाचे साधे कायदेशीर काम आहे.

मग कायदा असून घोडे कुठे अडले? त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात दिले. रतुरी हे दृष्टिहीन. त्यांनी ही लढाई २००५ पासून चालवली होती. न्यायालयाला असे दिसले की, मूळ कायदा ‘केलेच पाहिजे’ असे सांगतो, पण त्याखाली केलेल्या पंधराव्या नियमात ज्या मार्गदर्शक पुस्तिकांचा हवाला दिला आहे, त्यांची भाषा ‘केल्यास बरे’ अशी आहे. कायदा सक्तीचा आणि नियम ऐच्छिक, असे चालणार नाही म्हणून न्यायालयाने तो नियमच कायद्याशी विसंगत ठरवला. किमान कोणत्या गोष्टी टाळता येणारच नाहीत, ते वेगळे काढून सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असा आदेश केंद्राला दिला. हा निकाल फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चांगल्या हेतूची काशी बहुतेक वेळा कायद्यात होत नाही. ती नियमांत, परिपत्रकांत आणि त्यांतल्या ‘शक्यतो’ या शब्दात होते.

आता खर्चाचे बोलू. कारण सभेत हा विषय निघाला की पहिला आक्षेप तोच येतो. इमारत नव्याने बांधताना आराखड्यातच उतरण, रुंद दार आणि एक मोठे स्वच्छतागृह धरले तर त्याचा भार एकूण खर्चात किरकोळ असतो. महाग पडते ते बांधून झाल्यावर तोडून करणे. शिवाय मापे अवघड नाहीत. उतरणीचा चढ बारास एक असावा, म्हणजे एक इंच उंची चढायला बारा इंच लांबी. दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट मोकळे असावे. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच फूट व्यासाची मोकळी जागा लागते. उतरणीच्या दोन्ही बाजूंना कठडे हवेत, आणि वर दारापाशी सपाट जागा हवी, म्हणजे दार उघडेपर्यंत खुर्ची मागे घरंगळत नाही.

या हिशेबाने सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांना अठरा फूट उतरण लागते. इथेच गोम आहे. अठरा फूट जागा मोकळी ठेवायची तयारी नसते, पण तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प आहे काय?’ या रकान्यात ‘होय’ लिहायचे असते. मग पायऱ्यांच्या कडेला तीन-चार फुटांत सिमेंटचा एक उभा घसरगुंडीवजा उंचवटा ओतला जातो. त्याच्यावरून मोटारसायकल आत घेता येते, पाण्याचे पिंप ढकलता येते. चाकाची खुर्ची मात्र ढकलणाऱ्यासकट मागे येते. त्यावर कुणी हौसेने गुळगुळीत फरशी बसवली असेल तर पावसाळ्यात तिथे दोन पायांचा माणूसही टिकत नाही. पुढे त्याच्या तोंडाशी जनरेटर येतो, नाहीतर साहेबांची गाडी. ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि ते उघडले तर आत बादल्या, झाडू आणि मोडक्या खुर्च्या निघतात. रकान्यात मात्र सगळीकडे ‘होय’ असते.

दुसरी अडचण मालकीची आहे आणि ती पैशापेक्षा चिवट आहे. आपल्या बऱ्याच कचेऱ्या, बँका, दवाखाने भाड्याच्या जागेत आहेत. तळमजल्याचे भाडे जास्त म्हणून सरकारी कचेरी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर जाते. जिथे ती खाली असते, तिथे पायऱ्या घरमालकाच्या, पुढचा पदपथ नगरपालिकेचा आणि आतली सेवा भाडेकरू संस्थेची. संस्था म्हणते, बांधकाम मालकाने करावे. मालक म्हणतो, गरज तुम्हाला आहे. नगरपालिका म्हणते, उतरण पदपथावर आली तर ते अतिक्रमण. गंमत अशी की, त्याच पदपथावर वर्षानुवर्षे पुढे आलेल्या पायऱ्या अतिक्रमण ठरत नाहीत. अशा रीतीने तीन पायऱ्यांना तीन मालक मिळतात आणि जबाबदार कुणीच उरत नाही.

या चक्रातून वाट निघू शकते, हे मी नोकरीत असताना एका तालुक्याच्या गावी पाहिले आहे. शाखेच्या दारात उतरण हवी म्हणून पत्रव्यवहाराची फाइल बोटभर जाड झाली होती. तिथल्या व्यवस्थापकांनी भाडेकराराचे नूतनीकरण येईपर्यंत थांबून त्यात एक ओळ घातली: वाढीव भाडे उतरण बांधून झाल्याच्या तारखेपासून. मालकांनी आठवड्यात गवंडी लावला. समोर अठरा फूट जागा नव्हती, म्हणून बाजूच्या भिंतीलगत उतरण नेऊन मध्ये एक सपाट टप्पा घेऊन ती वळवली. या कामासाठी नवा कायदा लागला नाही. जिथे कुणाचा तरी रुपया अडकलेला असतो, तिथे अट घातली की ती पाळली जाते, एवढेच व्यवहारज्ञान लागले.

बँकांचाच विषय निघाला आहे तर आणखी थोडे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्येच बँकांना सांगितले की, एटीएमना उतरण करा आणि यंत्राची उंची खुर्चीवर बसलेल्याच्या हाताला येईल अशी ठेवा. तरी आज शहरांतून फिरताना दोन पायऱ्यांवर काचेच्या खोलीत बसवलेली एटीएम दिसतात. त्याहून बोलका प्रकार म्हणजे शाखेच्या सरकत्या लोखंडी दाराला लावलेली साखळी. एका वेळी एकच माणूस अंग चोरून आत जाईल एवढी फट ठेवायची, म्हणजे दरोडेखोराला पळता येत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण त्या फटीतून चाकाची खुर्ची जात नाही. आत कुणाला तरी सांगा, शिपाई येईल, किल्ली शोधेल, साखळी काढेल, मग रांगेतले लोक बाजूला होतील. तेवढा वेळ तो खातेदार रस्त्यावर, उन्हात, सगळ्यांच्या नजरांसमोर थांबलेला असतो. स्वतःच्या पैशांसाठी.

याच तर्काचा रस्त्यावरचा नमुना म्हणजे मुंबईच्या पदपथांवरचे खुंट. दुचाक्या पदपथावर चढू नयेत म्हणून ते रोवले आणि इतके जवळजवळ रोवले की चाकाची खुर्चीही अडली. २०२३ मध्ये एका खुर्ची वापरणाऱ्या नागरिकाच्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. बागांच्या तोंडाशी गुरे येऊ नयेत म्हणून बसवलेली फिरती फाटके हा त्याचाच जुना भाऊ. नियम मोडणाऱ्याला अडवण्याचा आपला हा सार्वजनिक स्वभाव आहे. चोर, दुचाकीस्वार, गुरे यांच्यासाठी अडथळा उभारायचा आणि त्यात निरपराध माणूस सापडला तर ‘काय करणार, व्यवस्था आहे’ म्हणायचे. दुचाकीस्वार दुसरीकडून वाट काढतोच. खुर्चीवाल्याला दुसरी वाट नसते.

हे सारे होऊच शकत नाही असे असते, तर गोष्ट वेगळी. पण ते होते. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले. कुतुबमिनार, जंतरमंतर अशी स्थळे पाहण्याची त्यांची इच्छा होती. शतकानुशतके उभ्या असलेल्या त्या वास्तूंना पाहता पाहता लाकडी उतरणी लागल्या. पाहुणा जगप्रसिद्ध होता म्हणून ते जमले. पण लाकूड आणि खिळे काही जगप्रसिद्ध नव्हते. दिल्लीतच २००२ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोत लिफ्ट, उतरण, रुंद फाटके पहिल्यापासून आराखड्यात आली. त्या सोयींचा फायदा आज बॅगा ओढणारे प्रवासी आणि थकलेली म्हातारी माणसे जास्त घेतात. एकासाठी केलेली सोय दहा जणांच्या कामी येते, हा या विषयातला नेहमीचा अनुभव आहे.

मतदान केंद्रांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने मतदान केंद्रांवर उतरणीची सोय करण्यास सांगितले आणि तेव्हापासून निवडणूक आयोगाच्या किमान सुविधांच्या यादीत उतरण आली. खेड्यापाड्यांतल्या शाळांनाही त्या दिवशी उतरण लागते. का? कारण तारीख ठरलेली असते, जबाबदार अधिकाऱ्याचे नाव ठरलेले असते आणि कुणीतरी जाऊन पाहते. या तीन गोष्टी असल्या की आपले तेच प्रशासन, त्याच पैशांत, तेच काम करून दाखवते. दुःख एवढेच की, अनेक ठिकाणी ही उतरण फळ्यांची असते. मतदान संपले की फळ्या निघतात. ज्या शाळेत रविवारी खुर्चीवरचे आजोबा मत देऊन आले, तिथे सोमवारी खुर्चीवरचा नातू वर्गात जाऊ शकत नाही. त्यातून नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरवण्याची पद्धत. त्या मुलाचा वर्ग खाली आणायला एका वेळापत्रकाखेरीज काही लागत नाही. तरी पुष्कळदा शाळा बदलते ती त्याची.

हल्ली यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो. चढायला हवेच कशाला, सगळे घरपोच करू. सत्तरीपुढच्या आणि अपंग खातेदारांना घरी सेवा द्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितले. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला २०१४ पासून यंत्रावर देता येतो. पूर्वी नोव्हेंबर उजाडला की रिक्षात बसलेल्या वृद्ध शिक्षकांची सही घ्यायला आम्ही दाराबाहेर जात असू, ते आता बरेच कमी झाले असणार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पंचाऐंशीच्या पुढच्या आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देता आले. या सोयी चांगल्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्यांना तर त्या वरदान आहेत.

पण घरपोच सेवा ही उतरणीला पर्याय म्हणून पुढे केली की तिचा अर्थ बदलतो. ‘तुम्ही घरीच बसा’ हे सभ्य भाषेत सांगण्याचा तो प्रकार होतो. बँकेत माणूस केवळ पैसे काढायला जात नाही. रांगेत चार ओळखीचे भेटतात, नव्या योजनेची चौकशी होते, लॉकर उघडून आईच्या पाटल्या पाहता येतात आणि आपले व्यवहार मुलाला किंवा शेजाऱ्याला न कळता करता येतात. वाचनालयात पुस्तक चाळून निवडता येते, नाटकाला मध्यंतरात बटाटेवडा खाता येतो. सार्वजनिक जीवन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि खुर्चीवरची माणसे रस्त्यावर, कचेरीत, नाट्यगृहात दिसली नाहीत की ‘अशी माणसे येतातच किती?’ हा प्रश्न विचारायला आपण मोकळे होतो. ती येत नाहीत म्हणून उतरण नाही आणि उतरण नाही म्हणून ती येत नाहीत.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये अपंगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि आपल्या आत्मकथनाचे नाव ‘चाकाची खुर्ची’ असे ठेवले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली. अशा माणसांची चरित्रे आपण मुलांना वाचायला देतो. त्यांच्या जिद्दीचे कौतुक व्हावेच. पण टपाल कचेरीत पाकीट आणायला जाण्यासाठी माणसाच्या अंगी सुवर्णपदकाची जिद्द असावी लागत असेल, तर दोष त्याच्या पायांचा की कचेरीचा? सामान्य कुवतीच्या, किंचित आळशी, थोड्या भित्र्या अपंग माणसालाही सामान्य आयुष्य जगता आले पाहिजे. धडधाकट सामान्य माणसाला आपण ते विनाअट दिलेलेच आहे.

शब्दांच्या बाबतीत आपण फार पुढे गेलो. ‘पंगू’चे ‘अपंग’ झाले, २०१५ नंतर ‘दिव्यांग’ झाले. महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले. नाव आदराचे असावे हे खरे, पण पायरीची उंची नावाने कमी होत नाही. त्यासाठी काम करायचे तर ते दिल्लीत किंवा मंत्रालयात जितके आहे, तितकेच आपल्या गल्लीत आहे. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के या घटकासाठी खर्च करायचे असतात. ते आपल्या गावी कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारता येते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही अडथळामुक्त प्रवेशाच्या तरतुदी आहेत. नव्या इमारतीच्या पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही कुणाची आहे, हे माहितीच्या अधिकारात कळते. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, तिथे लेखी तक्रार करता येते.

जुन्या, अरुंद इमारतींचे काय, असा प्रश्न उरतो. तिथे इमारत हलवता येत नसेल तर काम हलवावे. वरच्या मजल्यावरचे एक टेबल ठरलेल्या वारी खाली आणावे. दोन पायऱ्यांपुरती लोखंडी सुटी उतरण हाताशी ठेवावी. दाराबाहेर, बसल्या हाताला लागेल अशी एक घंटा लावावी आणि ती वाजली की कुणी उठायचे, त्याचे नाव ठरवून द्यावे. हे कायमचे उत्तर नव्हे. पण कायमचे उत्तर येईपर्यंत माणसाला रस्त्यावर ताटकळत ठेवण्याचे कारण उरत नाही.

आणि आपल्या स्वतःच्या सोसायटीचे? वार्षिक सभेत रंगकामाला लाखो रुपये मंजूर होतात आणि उतरणीचा विषय निघाला की ‘दर्शनी भाग बिघडेल’, ‘एक गाडी लावायची जागा जाईल’ अशी कुजबुज होते. आज तळमजल्यावरच्या बिऱ्हाडात कुणी खुर्चीवर नसेल. पण वरच्या मजल्यांवर साठी ओलांडलेली जोडपी किती आहेत, ते नावनिशीवार मोजून पाहा. पुढच्या सभेला जाताना एक मोजपट्टी बरोबर घ्या. दाराची रुंदी, पायऱ्यांची उंची आणि समोरची मोकळी जागा मोजा, उंचीला बाराने गुणा आणि तो आकडा इतिवृत्तात लिहायला लावा. त्यापुढे तारीख आणि जबाबदार माणसाचे नाव येईपर्यंत विषय मिटू देऊ नका. ‘शक्यतो’ हा शब्द कुणी घालू लागले, तर तो तेवढा खोडायला सांगा.